परदेशी बाजारात नाचणी सत्त्व : नफ्याचा अंदाज कसा बांधावा?

मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या मीरा-भाईंदर परिसराचा कायापालट गेल्या चार दशकांत झाला. मिठागरे, शेती आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या या गावांची १९८५ मध्ये नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. मीरा रोड पूर्वेकडील हाटकेश भागात आज एकीकडे निवासी इमारती व दुसरीकडे लहान उद्योगांचे गाळे दिसतात. गाळा लहान, भांडवल मर्यादित आणि काम करणारे हात घरचे किंवा शेजारचे, असे येथील अनेक उद्योगांचे स्वरूप आहे. अशा गाळ्यात तयार होणारा एखादा आरोग्यदायी खाद्यपदार्थ परदेशी पाठविला तर नफा होईल काय, हा प्रश्न आता केवळ मोठ्या कारखानदारांपुरता राहिलेला नाही. महिला बचत गट, तरुण पदवीधर व शेतकरी उत्पादक कंपन्याही तो विचारू लागल्या आहेत. त्यांच्या प्रकल्पांची छाननी करणारे अधिकारी, त्यांना सल्ला देणारे शिक्षक आणि ठरावाद्वारे त्यांची शिफारस करणारे पंचायत सदस्य यांना या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत माहीत असणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल येथे नाचणी सत्त्व हा पदार्थ घेतला आहे. ठाणे व पालघर जिल्ह्यांच्या डोंगराळ पट्ट्यात, विशेषतः जव्हार व मोखाडा तालुक्यांत, वरकस जमिनीवर नाचणी पिकते. मोड आणून, वाळवून, दळून व चाळून तिचे सत्त्व करण्याची पद्धत महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहे. म्हणजे कच्चा माल जवळचा, कृती माहितीची आणि बंदरही फार दूर नाही. या तीन अनुकूल गोष्टींवरून नफ्याचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष घाईचा का ठरतो, हे क्रमाने पाहू.

मागणी आणि कुतूहल

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. ज्वारी, बाजरी व नाचणी यांची नावे त्यामुळे जगभर पोहोचली. परंतु नाव पोहोचणे वेगळे आणि पाकीट पुन्हा पुन्हा विकत घेतले जाणे वेगळे.

दक्षिण अमेरिकेतील किनोआ या धान्याची कथा या बाबतीत बोलकी आहे. २०१३ हे किनोआचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. श्रीमंत देशांतून मागणी वाढली, भाव चढले, आणि पेरू व बोलिव्हिया येथील शेतकऱ्यांनी लागवड वाढविली. इतर देशांतही हे पीक घेतले जाऊ लागले. पुरवठा वाढताच २०१५ पासून भाव झपाट्याने उतरले. चढ्या भावावर हिशेब मांडून ज्यांनी लागवड वाढविली होती त्यांना त्याची झळ बसली. आजचा भाव हा कायमचा भाव नव्हे, हा यातील पहिला धडा होय.

दुसरा धडा ग्राहकाच्या ओळखीसंबंधी आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून कार्यरत आहे आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ ची आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना नाचणी सत्त्व काय असते हे सांगावे लागत नाही. हा ग्राहक सहज मिळतो, परंतु तो संख्येने मर्यादित असतो आणि मायदेशातील भावाशी तुलना करतो. परक्या ग्राहकास मात्र हा पदार्थ दुधात शिजवावा की पाण्यात, सकाळी घ्यावा की रात्री, येथपासून शिकवावे लागते. तो शिकविण्याचा खर्च कोणी करावयाचा, हे आधी ठरले पाहिजे. या दोन बाजारांची बेरीज करून मागणीचा आकडा मांडणे ही प्रकल्प अहवालांत हमखास आढळणारी चूक होय.

'आरोग्यदायी' हा शब्द आणि कायदा

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तृणधान्यांत हे प्रमाण फार मोठे आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार १०० ग्रॅम पदार्थात किमान १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल तर 'कॅल्शियमचा स्रोत' आणि २४० मिलिग्रॅम असेल तर 'भरपूर कॅल्शियम' असे पाकिटावर छापता येते. नाचणी या कसोटीस सहज उतरते. पण सत्त्व उतरेलच असे नाही. नाचणीतील कॅल्शियम व तंतू यांचा मोठा वाटा दाण्याच्या सालीत असतो. सत्त्व मऊ व्हावे म्हणून जितके बारीक चाळावे तितका हा भाग चाळणीवर राहतो. त्यात साखर किंवा गूळ मिसळला तर प्रमाण आणखी उतरते. यास्तव धान्याचे आकडे पुस्तकातून घेऊन पाकिटावर छापणे धोक्याचे आहे. तयार पदार्थाचीच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी झाली पाहिजे.

'मधुमेह बरा करते', 'हाडांचा आजार घालविते' अशी विधाने तर पूर्णपणे टाळावीत. अमेरिकेच्या कायद्यानुसार रोग बरा करण्याचा दावा केलेला खाद्यपदार्थ हा परवाना नसलेले औषध समजला जाऊ शकतो. युरोपीय संघात २००६ च्या नियमानुसार मान्य यादीतील विधानेच करता येतात.

आणखी एक सापळा आपल्या चांगल्या परंपरेतूनच निर्माण होतो. नाचणी सत्त्व लहान बाळांना भरविण्याची आपल्याकडे रीत आहे. साहजिकच पाकिटावर बाळाचे चित्र छापावेसे वाटते. परंतु त्या चित्रासरशी पदार्थ शिशुआहाराच्या वर्गात जातो. सर्वसाधारण तृणधान्य पदार्थांत बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिन बी-१ या विषाची युरोपीय मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम आहे. बाळांच्या तृणधान्य आहारासाठी ती केवळ ०.१० मायक्रोग्रॅम, म्हणजे वीसपट कडक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही जानेवारी २०२५ मध्ये बाळांच्या कोरड्या तृणधान्य आहारातील शिशासाठी किलोमागे २० मायक्रोग्रॅमची कृतिमर्यादा जाहीर केली. लहान गाळ्यातील उद्योगाने या वर्गात सुरुवातीसच पाऊल टाकू नये, हे उत्तम.

नाचणीत ग्लूटेन नसते, म्हणून गहू न चालणाऱ्या ग्राहकांत तिला मागणी संभवते. परंतु 'ग्लूटेनमुक्त' हा शब्द छापण्यासाठी ग्लूटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या मर्यादेत असावे लागते. ज्या गिरणीत गव्हापाठोपाठ नाचणी दळली जाते तेथे ही मर्यादा पाळणे जवळजवळ अशक्य होय. स्वतंत्र गिरणी, स्वतंत्र चाळण्या व स्वतंत्र पोती यांचा खर्च त्या एका शब्दामागे उभा असतो. सीलिॲक विकार असलेल्या व्यक्तीस गव्हाचा अल्प अंशही अपाय करतो, तेव्हा येथे प्रश्न केवळ दंडाचा नाही, ग्राहकाच्या प्रकृतीचाही आहे.

प्रवेशाच्या अटी

निर्यातीसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाकडील आयात-निर्यात सांकेतांक आणि अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील परवाना लागतो. कृषी व प्रक्रियायुक्त खाद्यपदार्थ निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे अपेडा, हे १९८५ च्या अधिनियमाने स्थापन झाले असून त्याच्या सूचीतील मालाच्या निर्यातदारास तेथे नोंदणी करावी लागते. या संस्थेचे विभागीय कार्यालय वाशी येथे असल्याने हाटकेशच्या उद्योजकास ते सोयीचे आहे.

त्यापुढील अटी देशागणिक बदलतात. अमेरिकेस खाद्यपदार्थ पाठविणाऱ्या कारखान्यास तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करावी लागते, दर सम वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत तिचे नूतनीकरण करावे लागते आणि प्रत्येक मालाची पूर्वसूचना द्यावी लागते. युरोपीय संघात १५ मे १९९७ पूर्वी जो पदार्थ तेथे लक्षणीय प्रमाणात खाल्ला जात नव्हता, तो 'नवा खाद्यपदार्थ' ठरतो व त्यास पूर्वपरवानगी लागते. सत्त्वात एखादी अपरिचित वनस्पती मिसळण्याचा विचार असेल तर ही बाब प्रथम तपासावी. तीळ मिसळावयाचे असतील तर अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा पाकिटावर स्पष्टपणे जाहीर करावयाचा नववा प्रमुख ॲलर्जीकारक घटक आहे, हे विसरू नये.

या अटी कागदोपत्री नाहीत याचा प्रत्यय २०२० मध्ये आला. भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइडचे अंश सापडल्यावर युरोपीय संघाने भारतीय तिळाची तपासणी कडक केली आणि अनेक देशांत ते तीळ वापरलेले पदार्थ दुकानांतून परत मागविण्यात आले. २०२४ मध्ये सिंगापूर व हाँगकाँग येथे काही भारतीय मसाल्यांबाबत हाच प्रश्न उद्भवला. दोष थोड्यांचा असला तरी तपासणीचा वाढीव खर्च सर्वांच्या माथी येतो.

हिशेब मागून पुढे

आपल्याकडे किंमत ठरविताना उत्पादनखर्चात नफा मिळविण्याची पद्धत आहे. परदेशी बाजारासाठी हिशेब उलट दिशेने करावा. तेथील दुकानात ग्राहक किती मोजेल येथून आरंभ करून एकेकाचा वाटा वजा करीत आपल्या गाळ्यापर्यंत यावे. पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत.

समजा, ५०० ग्रॅमची ४,००० पाकिटे पाठवावयाची आहेत. दर पाकिटामागे नाचणी ३६ रुपये, मजुरी, वीज व पाणी १४ रुपये, पाकीट, छपाई व खोकी १८ रुपये, आणि गाळ्याचे भाडे, यंत्रांची झीज व व्यवस्थापन १२ रुपये धरले, तर गाळ्यातील खर्च ८० रुपये होतो. तपासणी व प्रमाणपत्रे यांस एकूण ४८,००० रुपये, म्हणजे पाकिटामागे १२ रुपये. न्हावाशेवा बंदरापर्यंतची वाहतूक, सीमाशुल्क दलाल व बंदर खर्च ४०,००० रुपये, म्हणजे १० रुपये. सागरी भाडे व विमा ७२,००० रुपये, म्हणजे १८ रुपये. अशा रीतीने परदेशी बंदरात पोचलेले पाकीट १२० रुपयांस पडते.

आता दुसऱ्या टोकाने पाहू. तेथील दुकानात पाकिटाची किंमत आपल्या चलनात ४०० रुपये असेल असे समजू. ४०० आणि १२० यांतील अंतर पाहून नवखा उद्योजक हरखून जातो. परंतु दुकानदाराचा वाटा ३५ टक्के, म्हणजे १४० रुपये गेल्यावर २६० उरतात. आयातदार व वितरक यांचा त्यावर ३० टक्के वाटा धरला तर ७८ रुपये गेले, १८२ उरले. तेथील बंदरातील सोडवणूक व अंतर्गत वाहतूक २२ रुपये, उरले १६०. या १६० मध्ये आयात शुल्क अंतर्भूत आहे. ते १० टक्के असेल तर आपल्याला बंदरपोच सुमारे १४५ रुपयेच मिळू शकतात. म्हणजे पाकिटामागे २५ रुपये आणि एकूण १,००,००० रुपये नफा.

बहुतेक प्रकल्प अहवाल येथेच थांबतात. खरा हिशेब येथून पुढे आहे. नवा पदार्थ म्हणून आयातदार जाहिरात व नमुने यांसाठी ६०,००० रुपये मागतो. पाकिटामागे १५ रुपये गेले. ५ टक्के पाकिटे फुटली किंवा मुदतीपूर्वी विकली गेली नाहीत व त्यांचे पैसे कापले गेले. आणखी सुमारे ७ रुपये २५ पैसे गेले. कच्चा माल घेतल्यापासून पैसे हाती येईपर्यंत ५ महिने लागले व कर्जाचा दर १२ टक्के असला, तर १२० रुपयांवर ६ रुपये व्याज झाले. २५ रुपयांतून हे २८ रुपये २५ पैसे वजा केले म्हणजे पाकिटामागे ३ रुपये २५ पैसे तोटा, एकूण १३,००० रुपये. तेच पाकीट मुंबईतील घाऊक व्यापारी ९२ रुपयांस घेत असेल, तर ४,००० पाकिटांवर ४८,००० रुपये घरबसल्या मिळाले असते. निर्यातीचा निर्णय या तुलनेवर बेतावा लागतो, केवळ दुकानातील किमतीवर नव्हे.

शुल्क बदलले तर चित्र आणखी पालटते. वरील उदाहरणात शुल्क १० ऐवजी २५ टक्के झाले, तर बंदरपोच किंमत १२८ रुपयांवर येते आणि जाहिरात, नासधूस व व्याज वजा करण्यापूर्वीचाच नफा ८ रुपये उरतो. हे केवळ कल्पनेतील संकट नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवर अतिरिक्त शुल्क लादून ते महिन्याच्या अखेरीस एकूण ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा मार्गस्थ मालाचे हिशेब अनेकांना पुन्हा मांडावे लागले. याउलट संयुक्त अरब अमिरातीशी १ मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून व्यापार करार अमलात आले. कोणत्या देशात आपल्या वर्गातील मालाला सवलत आहे, हे पाहून बाजार निवडणे शहाणपणाचे होय.

संख्या, मुदत आणि वसुली

हाच माल ८,००० पाकिटांचा झाला तर तपासणी, वाहतूक व जाहिरात यांचा भार वाटला जाऊन तोट्याचे रूपांतर नफ्यात होऊ शकते. परंतु दुप्पट माल पाठविणे हा उपाय तेव्हाच, जेव्हा तो विकला जाईल. म्हणून नव्या पदार्थाच्या बाबतीत निर्णायक आकडा पहिल्या मागणीचा नसून दुसऱ्या मागणीचा असतो. पहिली मागणी कुतूहलाने येते, दुसरी समाधानाने येते.

मुदतीचा प्रश्न यास जोडूनच आहे. सत्त्वाची मुदत १२ महिने धरली, तरी प्रवास, सोडवणूक व साठवण यांत त्यातील मोठा भाग खर्ची पडतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली व युरोपचा प्रवास लांबला. पाकीट दुकानात पोचते तेव्हा मुदतीचा बराच भाग शिल्लक असावा, अशी अट अनेक खरेदीदार घालतात. ओलसर कोकणी हवेत, विशेषतः पावसाळ्यात, सत्त्व नीट वाळले नाही तर बुरशी व वास यांमुळे सारा माल नाकारला जाण्याची भीती असते.

वसुलीविषयी दक्षता तितकीच महत्त्वाची. पहिल्या व्यवहारात काही रक्कम आगाऊ किंवा बँकेच्या पतपत्राद्वारे घ्यावी. उधारी द्यावयाचीच असेल तर १९५७ मध्ये स्थापन झालेल्या निर्यात पतहमी महामंडळाकडून विमा घेता येतो. शासनाच्या कर-परताव्याच्या योजना आहेत, परंतु ज्या व्यवहारात परतावा धरल्याशिवाय नफा दिसतच नाही तो व्यवहार दुबळा समजावा.

लहान उद्योगाने कोठून आरंभ करावा?

या संदर्भात गिरगावातील एका गच्चीवर १९५९ मध्ये ७ महिलांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर आरंभिलेल्या श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या संस्थेचे उदाहरण उद्बोधक आहे. परदेशांत नाव होण्यापूर्वी या संस्थेने देशातील बाजार बांधला, पापडाचा दर्जा सर्वत्र एकसारखा राखला आणि निर्यात व्यापारी निर्यातदारांमार्फत केली. परदेशातील दुकान, कायदे व वसुली यांचे ओझे प्रत्येक उत्पादकाने स्वतः उचललेच पाहिजे असे नाही, हे यावरून दिसून येते.

हाटकेशच्या गाळ्यातील उद्योजकासही हाच मार्ग हितावह ठरेल. प्रथम मुंबई-ठाण्यात एक वर्ष विक्री करून दर्जा स्थिर करावा. नंतर एकच देश निवडून, व्यापारी निर्यातदारामार्फत अन्य मालासोबत काही शे पाकिटे पाठवावीत. त्यांतील किती पूर्ण किमतीस व किती दिवसांत विकली गेली आणि किती ग्राहकांनी ती पुन्हा घेतली, याची लेखी नोंद आयातदाराकडून मागावी. ही चाचणी अयशस्वी झाली तरी नुकसान काही हजारांचे होईल. कर्ज काढून भरलेला कंटेनर परत आला तर उद्योगच बुडेल.

छाननी करणाऱ्यांसाठी

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद करण्यात आली. अशा योजनांमुळे यंत्रे घेणे सुलभ झाले. परंतु अनुदानाने यंत्र मिळते, ग्राहक मिळत नाही. म्हणून निर्यातीचा उल्लेख असलेला प्रस्ताव समोर आल्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

१. निश्चित देश व निश्चित खरेदीदार कोणता? केवळ 'परदेशी मोठी मागणी' असे म्हटले आहे काय?
२. तयार पदार्थाचा प्रयोगशाळेचा अहवाल जोडला आहे काय? पाकिटावरील प्रत्येक विधान त्यावर आधारलेले आहे काय?
३. हिशेब तेथील दुकानातील किमतीपासून उलट मांडला आहे काय? जाहिरात, नासधूस व व्याज धरले आहे काय?
४. शुल्क १५ टक्क्यांनी वाढले, किंवा पैसे ३ महिने उशिरा आले, तरी उद्योग तग धरील काय?
५. निर्यात फसली तर तोच माल देशात विकण्याची व्यवस्था आहे काय?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्यात गाळेधारकाखेरीज इतरांचेही हित गुंतलेले असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने नाचणीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर केली. निर्यातीच्या आशेने एखाद्या उद्योजकाने मोखाड्याच्या शेतकऱ्यास त्याहून चढा भाव कबूल केला व पुढे माल उचलला नाही, तर डोंगरउतारावरील त्या कुटुंबाचे वर्ष वाया जाते आणि पुढील उद्योजकाच्या शब्दावर तेथे कोणी विश्वास ठेवीत नाही. शेतकऱ्याशी करावयाचा करार म्हणूनच देशांतर्गत विक्रीला परवडेल अशा भावावर बेतावा आणि निर्यातीत अधिक मिळाल्यास त्यातील वाटा देण्याचे कलम त्यात घालावे. शिक्षकांना गणिताच्या किंवा वाणिज्याच्या तासाला वरील हिशेब आकडे बदलून विद्यार्थ्यांकडून सोडवून घेता येईल. ग्रामसभेतही तो फळ्यावर मांडता येण्याजोगा आहे. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो एकदा मांडला जावा.